पिलारबाईच्या पत्राचं इंग्रजी

(समुद्रपूर, १९७९. माघातली दुपार कलत आलेली. इंग्रजीचे निवृत्त मास्तर बापूराव ओसरीत आतल्या बाजूला बसले आहेत, पुढ्यात जाडजूड स्पॅनिश शब्दकोश. समोर भिंतीला टेकून रामबाई, गावची दाई.)

रामबाई : थे ठीक हाय मास्तर, पन वर्ध्याच्या डाक्तरनं कागद वापस काऊन केला? एवढी लाल पेन्सिल कायले मारली?

बापूराव : त्याला काही उमगलंच नाही म्हणून. चूक माझी आहे. इथला दवाखाना सोडून गेली, तरी पिलारबाईनं तिकडं स्पेनात बसून तुमच्यासाठी साक्षीची चार पानं लिहिली. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. एक शब्द सोडला नाही म्हणून स्वतःवरच खूश होतो.

रामबाई : सोमवारी वर्ध्याले बैठक हाय.

बापूराव : माहीत आहे मला.

रामबाई : लक्ष्मणरावाच्या तक्रारीवरून माही सरकारी दाईची पेटी ठेवाची का काढून घ्याची, थे ठरते त्या दिवशी. पेटी गेली म्हंजे मले बाळंतिणीजवळ कोनी उभं करनार नाई. चाळीस वर्सं हेच केलं. दुसरं काई येत नाई मले.

बापूराव : म्हणून तर बोलावलं तुम्हाला. पुन्हा करू. ही पहिली लाल खूण. पिलारबाई लिहिते, ‘रामबाईकडे पुष्कळ डावा हात आहे.’ डॉक्टरनं बाजूला लिहिलंय, ‘म्हणजे अस्वच्छ काम?’

रामबाई : डावा? मी नाळ उजव्या हातानं कापते. हात धुतल्याबिगर तर शिवतच नाई.

बापूराव : तेच ना. तिला तसं म्हणायचं नसणार. पण शब्दकोशात नुसते शब्द आहेत, बोलणं नाही. काय म्हणायचंय तिला, कोण जाणे.

रामबाई : कोनाच्या घरची गोष्ट सांगून राह्यली थे?

बापूराव : अं? कमलाबाईच्या सुनेचं बाळंतपण. का?

रामबाई : मी बाळंतिणीच्या तोंडाकडं पाहात नाई, मास्तर. कळा आल्या म्हंजे बाई काईबी बोलते. मरतो म्हन्ते, माहेरी जातो म्हन्ते. मी तिच्या पायाची बोटं पाह्यते. बोटं सांगते किती वेळ हाय थे. तुमी शब्द नका पाहू. त्या दिवशी काय झालतं, थे पाहा.

बापूराव : काय झालं होतं?

रामबाई : कमलाबाई दारातच बसली. गोऱ्या बाईले आत जाऊ देईना. पिलारबाई लाल झाली, आता भांडते का काय असं वाटे. म्या कमलाबाईले तिच्या बकरीचं इचारलं. दूध देते का, पिलं किती झाले. बोलता बोलता बकरी दाखवाले तिले मागच्या आंगनात नेलं. पिलारबाई गेली आत.

बापूराव : म्हणजे भांडण न करता, गोडीगुलाबीनं...

रामबाई : मानूस सांभाळून घ्या लागते. एवढंच.

बापूराव : एवढंच. थांबा, लिहून घेतो. याला इंग्रजीत चांगलं नेमकं वाक्य आहे. मी तीन दिवस डोकं फोडत होतो, रामबाई.

रामबाई : पुढची खून सांगा.

बापूराव : ‘त्या दिवशी नाल्याच्या काठी मी आतड्यांचं काळीज केलं.’ डॉक्टरनं दोन प्रश्नचिन्हं काढली आहेत.

रामबाई : भदई नाल्याच्या पुराचा दिवस असन. पिलारबाईले पान्याचा लय भेव. पलीकडं बाई अडलेली. पिलारबाईचे ओठ कापे, पन माहा हात धरला अन् उतरली. छातीइतकं पानी होतं. काळीज घट्ट केलं तिनं.

बापूराव : तुम्हाला तिची भाषा येत होती का हो?

रामबाई : कुठली. ‘पानी गरम’ अन् ‘जोर लाव’, एवढं मराठी तिले ये. मले तिचं ‘ब्येन’ ये. ब्येन म्हंजे चांगलं चाललं.

बापूराव : अकरा वर्षं एवढ्यावर?

रामबाई : काम एकच होतं ना.

बापूराव : मी तिच्या दवाखान्याचे अर्ज लिहायला बसायचो, रोज संध्याकाळी तिच्याकडून स्पॅनिशचे धडे घ्यायचो. वह्या भरल्या. अन् आज तुम्ही मला तिचं बोलणं समजावून सांगता.

रामबाई : सोमवार हाय, मास्तर.

बापूराव : होय, होय. ही तिसरी. ‘तिच्यासाठी मी विस्तवात हात घालीन.’ डॉक्टर विचारतो, ‘दवाखान्यात भाजल्याचा प्रकार घडला होता काय?’

रामबाई : हासू का रडू? जामीन राह्यते म्हनून राह्यली थे. माह्या कामाची.

बापूराव : हे तर मलाही कळायला हवं होतं. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून तपासून डोकं लाकडाचं झालं. आता शेवटची, मोठी खूण. लक्ष्मणरावाच्या तक्रारीचीच आहे.

रामबाई : वाचा.

बापूराव : तो म्हणतो, दाईनं लेकरू जन्मल्याबरोबर थंडीत दारात नेलं, म्हणून तिसऱ्या दिवशी दगावलं.

रामबाई : नेलंच होतं. सगळेच नेते मी. घरात अंधार राह्यते, कंदिलात सगळे लेकरं पिवळेच दिसते. दुपट्यात गुंडाळून उंबऱ्यापाशी नेलं की ओठ दिसते, नखं दिसते. त्याची नखं निळी होती. म्या लक्ष्मणरावाले म्हटलं, आजच वर्ध्याले न्या.

बापूराव : मग?

रामबाई : पाचवी पूजल्याबिगर लेकरू घराबाहेर काढत नाई म्हने. लेकराची आजी काई ऐकेना.

बापूराव : हे डॉक्टरला सांगितलं तुम्ही?

रामबाई : नाई.

बापूराव : का नाही? अहो, तुमची पेटी चालली आहे. मी लिहितो हे, आत्ता लिहितो.

रामबाई : नका लिवू. त्याच्या घरचं लेकरू गेलं, मास्तर. वरतून मी म्हनू का, तुमच्याच पायी गेलं? थे बाळंतीण पोरगी अजून वीस वर्सं त्याच आजीसंग त्याच घरात राहीन.

बापूराव : बरं, नाही लिहीत.

रामबाई : पिलारबाईनं काय लिवलं दाराचं?

बापूराव : ऐका. ‘सुरुवातीला मी रामबाईवर रागावत असे. बाळाला आत आण, म्हणून ओरडत असे. मग एका घरी कंदील धरून मी सांगितलं, बाळ उत्तम आहे. ती त्याला दारात घेऊन गेली आणि मला हाक मारली. ओठ निळे होते. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं आणि तिच्या मागून दारापर्यंत चालत गेले. अकरा वर्षांत सात बाळं माझ्या कंदिलाला दिसली नाहीत, तिला दारात दिसली. त्यातली पाच आज शाळेत जातात.’

रामबाई : पाचच. दोन गेले. खरं लिवलं तिनं.

बापूराव : पुढं जे वाक्य आहे ना, त्यावरच लाल रेघ आहे. डॉक्टर इथंच थांबला असणार. ‘रामबाईच्या हातांत चारशे बायकांनी उजेडात दिलं.’

रामबाई : काय दिलं?

बापूराव : बाळ. तिच्या भाषेत बाळंत होणं म्हणजे उजेडात देणं. रोजचं बोलणं आहे त्यांचं, कोणी लक्षही देत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी तसंच ठेवलं. इंग्रजीत सरळ ‘प्रसूती’ लिहायचं, म्हणजे डॉक्टर अडखळणार नाही.

रामबाई : उजेडात देनं.

बापूराव : होय.

रामबाई : तिच्या मुलखात सगळ्याच बाया असं म्हन्ते?

बापूराव : सगळ्याच. शेकडो वर्षांपासून.

रामबाई : मंग मले थे पहिल्या दिवशी काऊन रागावे?

बापूराव : रोजच्या बोलण्यात काय आहे ते तिलाही दिसलं नसेल. तुमच्या मागून दारापर्यंत जावं लागलं तेव्हा दिसलं.

रामबाई : आता लिवा काय लिवाचं थे.

बापूराव : बाकीचं सगळं डॉक्टरच्या इंग्रजीत घालतो. हे एक वाक्य नाही घालणार. आधी दाराची हकीकत, सातही बाळं, मग हे, जसं तिनं म्हटलं तसं. खाली टीप देतो, की तिच्या देशात असं म्हणतात आणि रामबाई तसं करते.

रामबाई : पुन्हा लाल मारली तं?

बापूराव : तर सोमवारी मी येतो बैठकीला. लक्ष्मणरावाच्या घराचं अवाक्षर काढणार नाही, शब्द देतो. पण दाराचं त्याला समजावल्याशिवाय उठणार नाही.

रामबाई : याल ना नक्की?

बापूराव : पहिल्या गाडीनं. घ्या, झालं लिहून. अंधारून आलं, कंदील लावू का? एकदा वाचून दाखवतो.

रामबाई : कंदील नका लावू. आना इकडं कागद, दारात पाह्यते.

बापूराव : तुम्हाला कुठं वाचता येतं, रामबाई?

रामबाई : लेकरू तरी कुठं वाचता येते मले. सरका, उजेड येऊ द्या... हं. लाल काई नाई याच्यात. जगते हा.