एकशे बहात्तरच्या आतला सूड

...पण हसला तो नक्की! साल अठ्ठ्याण्णव की नव्व्याण्णव, हे आता शपथेवर नाही सांगता येणार, नव्व्याण्णवच असावं... की नसावं? जाऊ दे, माझ्या स्मरणशक्तीवर माझाच विश्वास नाही, पण फुलपाड्याच्या बक्षीस समारंभात श्रीरंग हसला आणि त्याच्याबरोबर अख्खा मांडव हसला, एवढं पक्कं! श्रीरंग म्हणजे आमच्या विरारचा धावण्याचा कोच. गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीच्या चार बोटं पुढे पोट. माईक घेतो काय आणि म्हणतो काय, "हे आपले प्राध्यापक साहेब! हृदयावर पीएच.डी. केलीय बरं का! फक्त जिना चढायला लागले की ते हृदय खालीच थांबतं!" आता मी मधे टेकतो हो, खोटं नव्हतं ते... पण माईकवर? बायकोसमोर?

तुम्हाला सांगतो, दुसरा असता तर भांडला असता. मी म्हटलं, नाही! सूड घ्यायचा तर शास्त्रशुद्ध!

जवळच्या वटार गावात बागायतदारांची एक मुलगी होती, रुचिता. केळीच्या बागेतून अशी पळायची की कुत्री नाद सोडून द्यायची. ठरवलं, वसईच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत हिनं श्रीरंगच्या लाडक्या रिटाला हरवायचं, आणि त्याच माईकवर मी बोलायचं. भाषण आधी लिहून ठेवलं! आता माणसाला दमल्याशिवाय जास्तीत जास्त किती वेगानं पळता येतं, हे कळायला बोटातून रक्त काढून तपासतात. तर तिची आई, मालन, कोयता घेऊनच बाहेर आली. "पोरीचं रक्त काढायचं नाय हां, सर! उद्या बागेला पानी कोन सोडणार, तुम्ही?"

मग काय, रक्ताशिवायची पद्धत! भाच्यानं परदेशातून छातीला बांधायचे दोन पट्टे आणि मनगटावरचं घड्याळ आणलं होतं. पट्टा ठोके ऐकतो, घड्याळ ते वायरीशिवाय हवेतून पकडतं आणि आकडा दाखवतं. दर फेरीला थोडा वेग वाढवायचा. वेग वाढतो तसे ठोके वाढतात, आलेखावर सरळ रेष येते, आणि एका जागी ती रेष वाकते. ते वाकणं म्हणजे उंबरठा! त्याच्या आत राहिलात तर तासभर पळाल, ओलांडलात की थोड्याच वेळात पाय जड. रुचिताचा उंबरठा निघाला मिनिटाला एकशे बहात्तर ठोके. तीनदा पडताळला, चौथ्यांदाही पडताळणार होतो, पण ती घरी निघून गेली. तिला बजावलं, "एकशे बहात्तरच्या वर आकडा गेला की वेग कमी करायचा. मी ओरडलो तरी माझं ऐकायचं नाही, घड्याळाचं ऐकायचं!"

का बोललो असेन मी हे वाक्य? का?

शर्यतीच्या दिवशी दुसरा पट्टा मी बांधला. काळजी हो! सूड घेताना आपल्यालाच काही झालं तर? रुचिता पुढे, रिटा मागे, श्रीरंगचा चेहरा उतरलेला. मला राहवेना. मोपेड काढली, तिच्या अगदी शेजारी नेली आणि ओरडलो, "शाबास! श्रीरंग रडतोय, पळ!" तर ही घड्याळ बघते आणि वेग कमी करते! मी आणखी जवळ. "अगं पळ!" ती आणखी हळू. "सर, एकशे शहात्तर!" मी मागे पडलो की ही सुसाट, मी जवळ गेलो की ही वरातीत निघाल्यासारखी! रिटा आली, गेली, जिंकली. मागून श्रीरंग, "सर, मोपेड दुसरी आली का हो?"

आणि शेवटी रुचितानं पट्टा सोडून माझ्या हातात दिला. मनगट बघितलं. "सर, पट्टा काढला, तरी घड्याळ एकशे शहात्तरच म्हणतंय."

घड्याळाला काय कळणार कुणाची छाती? जवळ जी धडधडेल तिचं ते ऐकतं! पोरगी अर्धी शर्यत माझ्या हृदयाच्या आज्ञेत पळाली होती. तुम्हाला सांगतो, सूड घ्यायचा तर शास्त्रशुद्ध!

पण मला ते पटेना. माझं वय तेव्हा सहासष्ट. पुस्तकाच्या हिशेबानं, म्हणजे दोनशे वीस वजा वय, माझ्या हृदयाची धाव एकशे चोपन्नच्या आसपास संपते. एकशे शहात्तर आले कुठून? नक्की घड्याळ बिघडलं असणार, पट्टा ओला असणार, भाच्यानं स्वस्तातलं आणलं असणार! कित्येक वर्षं मी त्या घड्याळाला शिव्या दिल्या.

मग दोन हजार सहात डॉक्टरांनी हृदय तपासायला मला ट्रेडमिलवर चढवलं. अंगभर वायरी. डॉक्टर क्षितिजा, नातीच्या वयाची मुलगी, म्हणते, "आजोबा, छान! एकशे अठ्ठेचाळीस. यापुढे नाही जाणार तुमचं." बघा! मी म्हणत नव्हतो?

तेवढ्यात दार उघडलं. पुढचा नंबर कुणाचा असावा? पोट आधी आत आलं, श्रीरंग नंतर.

"काय सर, अजून पळताय? पोचलात कुठे?"

"आजोबा! आजोबा, थांबा, उतरा!" डॉक्टर ओरडली. मी पडद्याकडे बघितलं.

एकशे शहात्तर.

घड्याळ चांगलं होतं हो.