पाटल्या मोडायचा मुहूर्त

ललित : भूषणशेठ, पाटल्या भट्टीत टाकू नका अजून. दहा वाजता रिझर्व्ह बँक व्याजदर सांगणार आहे. दर उतरला तर सोनं चढेल, मग आजीच्या मोडीला जास्त पैसे येतील.

भूषण : थांबतो की. मीही फळ्यावरचा भाव पुसून बसलोय. अक्का, अमळनेरहून पहाटे निघाला असाल, चहा सांगू?

सुगंधाबाई : सांग भाऊ. आनि तवलोंग त्या पाटल्या अठे दे.

ललित : तोवर परत घालतेस? आजी, आत्ताच तर साबण लावून काढल्या.

सुगंधाबाई : चाळीस वरीस घालेल शेतस. हातले वाट माहीत शे.

ललित : बरं, हात असा धर. फोटो भूमिकाला पाठवतो. तिच्या साखरपुड्याचा हार ह्यातूनच होणार, बहिणीला बघू तरी दे.

(टीव्हीवर भाषण सुरू होतं.)

भूषण : घ्या, दर जैसे थे. पण पुढचं ऐका. ‘परिस्थिती अनिश्चित आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत.’ झालं, भाव सरकला वर.

सुगंधाबाई : त्यास्नी दिन्हं काय?

भूषण : काही नाही अक्का, नुसतं बोलले.

सुगंधाबाई : मी घरमा दिनभर बोलस, कोनी चमचाबी हालावत नही.

ललित : शेठ, आता मोडा. चढलाय तोवर.

भूषण : हे बघा, उतरला.

ललित : मग थांबा.

भूषण : परत चढला.

ललित : टाका. नको, राहू द्या. आजी, मला घाम फुटला. तूच सांग.

सुगंधाबाई : पाटल्या कितला तोळान्या?

ललित : चार.

सुगंधाबाई : आनि हार?

ललित : चारच.

सुगंधाबाई : मंग भाव आभायले लागो नही तं खड्डामा पडो. सोनं दिसन सोनंच लेनं शे ना?

भूषण : सोनं देऊन सोनंच घ्यायचं, घट आणि घडाई सोडली तर अक्कांचं खरंय. मोडीलाही तोच भाव, हारालाही तोच.

ललित : मग इतका वेळ बोलला का नाहीत?

भूषण : बोलणारच होतो. अक्कांनी डोळे वटारले.

ललित : आजी, तुला पहिल्यापासून कळत होतं?

सुगंधाबाई : कळत व्हतं. तू थांबा म्हनना, तं मीबी गप बठनू. मोडाना पहिले अर्धा तास हातमा जास्ती ऱ्हायन्यात. माले बरं वाटनं.

भूषण : काय झालं ललितभाऊ? असे हसताय का?

ललित : भूमिकाचा मेसेज आलाय. फोटो पाहिला तिने. म्हणते, हार नको. ह्याच पाटल्या हव्यात, आहेत तशा.

भूषण : म्हणजे माझं गिऱ्हाईक गेलं. जाऊ द्या, चहा आलाय, तो तरी घ्या. आणा अक्का, पॉलिश करून देतो. फुकट.

सुगंधाबाई : नको भाऊ, काढत नही. साखरपुडाले आठ दिन शेतस. तवलोंग मी लक्ष ठेवसू.