नाकाने पास केलेले बांगडे

खराब? पुन्हा बोला. खराब म्हणालात ना? — मासेवाल्याला खराब म्हणा नाहीतर सडका म्हणा, एकाच जातीची शिवी आहे ती मॅडम, मी ऐकून घेतो म्हणून काय झालं. बसा. त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो, ती पेटी पालथी करा आणि बसा. ओली आहे? इथे सगळंच ओलं असतं. तर — तुमचं वय काय? सव्वीस? सत्तावीस? त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं मी या धक्क्यावर मासे हुंगतोय. शाळा चौथीत सुटली. मास्तर म्हणाले, याच्या डोक्यात काही शिरत नाही; बाप म्हणाला, डोक्यात नाही तर नाकात शिरतंय का बघतो, आणि कानाला धरून इथे आणून उभा केला. तेव्हापासून होड्या लागल्या की आधी मी. कल्ला उचलायचा, नाक लावायचं, 'पास' नाहीतर 'फेक' — तिसरा शब्द नाही. धक्क्यावर मला कोणी नावाने हाक मारत नाही, नाक म्हणतात. 'नाक आलं का? नाही? मग थांबा, बोली लावू नका.' स्वतःच्या बापावर भरवसा नसलेले व्यापारी माझ्या नाकावर गाड्या भरून नेतात, आणि तुम्ही पिशवीत अन्नखात्याच्या चार बाटल्या घालून आलात मला मासा शिकवायला — नाही, रागावलो नाही. माझा आवाजच असा आहे.

बुधवारचं मला सांगू नका, सगळा गाव तेच बोलतोय. बिस्किटांचा कारखाना, दुपारची पहिली पाळी जेवायला बसली, बांगड्याचा रस्सा, आणि माणसं हात धुवून उठली नाहीत तोच लाल. तोंड लाल, मान लाल, कान तर कोणी पिळून ठेवल्यासारखे. कोणाच्या अंगावर गांधी उठल्यात, कोणाचं डोकं ठणकतंय, कोणाची छाती धडधडतेय, निम्मे मोरीत ओकतायत. एक्केचाळीस जण. चाळीस संध्याकाळपर्यंत घरी गेले, चहा प्यायले, झोपले. तो गेटवरचा रखवालदार तेवढा हॉस्पिटलात राहिला, नाकाला नळी लावून. वाईट झालं, मी कुठे चांगलं म्हणतोय. पण मासा शिजवला कोणी ते विचारा ना. धाकटीने. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको — भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्या कॅन्टीनची चूल तिच्या हातात आहे. तिला विचारा तेल कुठलं होतं, टोपाला कल्हई होती का, आदल्या दिवशीचं काही त्यात ओतलं का. — विचारलंत? पोलिसांनीपण? दोन दिवस बाकावर बसवून ठेवली, ऐकलं मी. गल्लीतली माणसं म्हणतात तिने काहीतरी कालवलं, तिच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावतात. मग मी काय करू? माझ्या हातून मासा गेला तेव्हा सोन्यासारखा होता. पुढचं ज्याचं त्याने बघावं. खाई त्याला खवखवे, अशी म्हण आहे, उगाच नाही.

काय नाव म्हणालात त्याचं? हिस्टा — हिस्टामीन. औषधाच्या दुकानातलं वाटतं. बरं, सांगा, आलात एवढ्या लांब तर सांगा. — हं. — हं. म्हणजे बांगड्याच्या मांसातच एक काहीतरी असतं, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मासा तापला की बारीक जंतू बसतात त्याच्यावर आणि त्याचं हे करून ठेवतात. बरं. आणि आपल्या अंगातही असतं म्हणता? माझ्या? तुमच्या? मधमाशी डसली की फुगतं ते त्यानेच? मग विष कसलं, ही तर रखवालदाराची शिट्टी झाली! घरात चोर शिरला की फुर्र करून वाजवायची, सगळे जागे. आणि असला मासा खाल्ला की हजार शिट्ट्या एकदम पोटात वाजतात — चोर नाहीच कुठे, पण अख्खा गाव दांडकी घेऊन धावतोय आणि आपलीच दारं फोडतोय. असंच ना? बघा. चौथी शिकलोय, पण कळतं मला. तुमच्या साहेबाला सांगा हे, त्याला नसेल आलं असं सांगता.

पण मग उकळलं की मेलं. नाही? धाकटी चांगला खदखदवते रस्सा, चमचा उभा राहील असा — जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं मरत नाही? बर्फात? बर्फातही नाही? म्हणजे एकदा झालं की झालं, मग वर कितीही बर्फ ओता, नवं होत नाही पण जुनं जात नाही. विस्तवात मरत नाही, थंडीत मरत नाही, डोळ्याला दिसत नाही, मग हे मासळीतलं आहे की स्मशानातलं? ठीक आहे. वास कसा येतो त्याचा, ते सांगा. आंबट? अमोनियासारखा? ओल्या गोणपाटासारखा? — नाही येत. वासच नाही. मॅडम, असं नसतं. जगात बिनवासाची वस्तू नाही. तापाला वास असतो, भीतीला असतो, बोली लावताना माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या काखेतून कळतं मला. सडेल तेव्हा येतोच वास — काय म्हणालात? सडण्याच्या आधीच होतं? मासा ताजा दिसतो, ताजा लागतो हाताला, आणि आत हे भरलेलं असतं?

आणि हे उन्हाचं तुम्हाला सांगितलं कोणी? जावयाने? त्याची जीभ सैलच आहे, पोरगी दिली तेव्हाच मी म्हटलं होतं. कोणी सांगितलं, बोला. — तुम्ही नुसतं 'तापला तर' म्हणालात. 'तर'. हं. ऊन मीच काढलं होय. म्हातारपण आहे, कानात वारा भरतो. आता बोललोच तर ऐका, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मंगळवारी बर्फाची गाडी आली नाही. म्हणजे आली, साडेअकराला, आस तुटला होता म्हणे वाटेत. जावयाची होडी सहाला लागलेली. साठ पेट्या बांगडा. ताडपत्री टाकली, पाणी मारलं, पुन्हा पाणी मारलं, पण त्या दिवशी ऊन असं होतं की दगडाला चटका बसत होता. जावई दर अर्ध्या तासाने येतो, 'मामा, फेकून देऊ का?' मी म्हटलं, फेकायला समुद्र तुझ्या बापाचा आहे का, थांब, मी बघतो. साडेअकराला बघितलं. डोळा टपोरा, कल्ला रक्तासारखा, अंग ताठ. वास म्हणाल तर नुसतं मीठ. साठच्या साठ पेट्या हुंगल्या मी, गुडघे फुटले माझे. पास. वर बर्फ ओतला, आणि एकदा बर्फ पडला की मागचं कोण विचारतो? सगळेच करतात हे. ज्याने केलं नाही त्याने समोर येऊन सांगावं.

आणि तुम्ही असा भोळा चेहरा करून बसू नका, मला सगळं कळतं. धाकटीने पढवून पाठवलंय तुम्हाला. फोनचंही सांगितलं असेल. सांगणारच — 'मी भाऊजींना विचारलं होतं.' हो, विचारलं होतं! बुधवारी सकाळी दहाला फोन. मी इथेच, कोपरापर्यंत हात मासळीत. 'भाऊजी, एक विचारू? रागवाल.' मी म्हटलं, रागवणारच आहे, विचार लवकर. म्हणते, 'रस्सा चाखला, जीभ चुरचुरतेय. मिरी चावल्यासारखी. मिरी मी घातलीच नाही.' म्हटलं, वास येतोय का? 'वास नाही.' म्हटलं, मग संपलं, मी हुंगलाय तो मासा, शिजव. मग पुन्हा, 'भाऊजी, दोनशे माणसं जेवतात.' मी म्हटलं — काय म्हटलं मी — म्हटलं, जीभ कोणालाही असते, कुत्र्यालाही असते, नाक एकालाच आहे, ठेव फोन. ठेवला तिने. एवढंच. यात माझा काय गुन्हा? तिची जीभ, तिचा टोप, नव्हतं वाढायचं!

— काय?

नाही सांगितलं? म्हणजे फोनचं नाही सांगितलं, बर्फाचं सांगितलं. — तेही नाही? तिला बर्फाचं ठाऊकच नाही. हां, तिला कुठून ठाऊक असणार, मीच कुठे सांगितलं. पण फोन — पोलिसांनी तिच्या फोनमध्ये बघितला असेल ना नंबर, आजकाल सगळं दिसतं त्यात — बघितला? मग काय म्हणाली? तब्येत विचारायला केला होता? माझी?

माझी तब्येत.

थांबा.

तुम्हाला वाटतंय घाबरून. मला घाबरून गप्प बसली ती. नाही, ती घाबरत नाही. भाऊ गेला त्या महिन्यात कारखान्याच्या साहेबासमोर उभी राहून म्हणाली, स्वयंपाक येतो, दया नको, काम द्या. ती घाबरायची नाही. मी सांगतो काय झालंय. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा ताट वाढलं तिने, आणि मी ते उचलून नाकाला लावलं. सगळे हसले. तीपण हसली, आणि मोरीत जाऊन रडली, ते मला बायकोने नंतर सांगितलं. मी म्हटलं, रडायचं काय त्यात, शिकेल. शिकली. तेहतीस वर्षं काही रांधलं की आधी वाटीभर माझ्याकडे — भाऊजी, बघता का? तिची जीभ, मॅडम, तुम्हाला सांगतो, या गावात नाही तशी. कुठल्या विहिरीचं पाणी ते सांगेल. आणि मी तिला तेहतीस वर्षं एकच सांगत आलो की जीभ फसते, नाक फसत नाही. तिने लपवलं नाही काही. तिला खरंच वाटतंय की चूक तिचीच. नाकाने पास केलं ना — मग मासा चांगलाच असणार, मग तिच्याच हातून काहीतरी पडलं असणार, आठवत नसेल तिला, पण पडलंच असणार. दोन दिवस त्या बाकावर बसून ती हेच आठवत होती. आणि मी इथे बसून म्हणी सांगतोय.

तो रखवालदार — खरं सांगा, वाचेल? सांगता येत नाही म्हणजे? बाकीचे चाळीस उठून घरी गेले ना. याचंच काय? — क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. त्याचा काय संबंध? — हं. अंगात हे मोडून काढणारं एक असतं, आणि त्या गोळ्या त्याचेच हात बांधून ठेवतात. म्हणजे शिट्ट्या वाजतच राहिल्या त्याच्या. गप्प करायला कोणी नाही. रखवालदाराच्याच. रोज सकाळी मासळीची गाडी आत घेताना मला सलाम करायचा, मी कधी मान हलवली नाही.

आणा तो कागद. लिहा. बर्फ साडेपाच तास उशिरा. 'अंदाजे' काढा, अंदाजे कशाला, मी उभा होतो तिथे. फोन लिहा. तिने दोनदा विचारलं असं लिहा, एकदा नाही, दोनदा. कुत्र्याचं लिहा. — लिहा म्हणतो ना! सही येते मला, अंगठा काय पुढे करता. कुठे? इथे. झालं. हा कागद आधी पोलिसांकडे न्या, मग तिच्याकडे, आणि तिला वाचून दाखवा, तिच्या हातात नुसता देऊ नका, ती घडी करून ठेवून देईल. आणि वीस पेट्या कारखान्याला गेल्या, बाकीच्या चाळीस पेट्यांचं तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो — या भिंतीमागे आहेत, तुम्ही आल्यापासून जी घुरघुर ऐकताय ना, त्या शीतखोलीत. उद्या सकाळी वसतिगृहाला जायच्या होत्या. कालच पुन्हा हुंगल्या मी. पास केल्या. आता जाणार नाहीत. सील लावा तुमचं.

चावी देतो. आत्ता नाही.

एक मासा आणायचाय मला आतून. तुमच्या बाटलीसाठी नाही, तुमच्या बाटलीला जे सांगायचंय ते ती बाटली तुम्हाला सांगेल. मला माझं बघायचंय. वास नाही म्हणालात, पण जिभेला लागलं ना तिच्या? मिरीसारखं? माझ्या जिभेला लागतं का बघतो. सत्तर वर्षांत मी कधी जिभेला विचारलंच नाही. चहाची ती शेगडी आहे, भाजून खायला पाच मिनिटं लागतील. — मला नियम सांगू नका. — वय मला माहीत आहे. छातीचंही माहीत आहे, डॉक्टरने मला सांगितलंय, तुम्हाला नाही. हात सोड. हात सोड पोरी, माशाचा आहे, वास लागेल तुझ्या बाटल्यांना. अर्ध्या तासात कळतं म्हणालीस ना मघाशी? मग अर्ध्या तासाने दार वाजव, चावी तुझी. कागद पदरात ठेव — पदर नाही, बरं, पिशवीत ठेव, ओला करू नकोस. ऊठ.

दार बाहेरून ओढून घे.