पिंजऱ्यात घातलेल्या गाऱ्हाण्याबाबत

पोलीस ठाणे देवरूख, दि. २१ मे १९८६

मी भागोजी सखाराम किंजळकर, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा शेती, शाळा नाही पण वाचता येते, रा. मौजे आंबेकोंड, ता. संगमेश्वर, समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी यमुनाबाईसह राहतो. परसात फणस, नारळ व केळी आहेत. झाडे माझी आहेत, खातात वांदर. यंदा त्यांनी कौले काढून घरातली भाकरीही नेली. पुतण्या मोरू म्हणाला, "तात्या, बंदूक आणतो." वांदर मारलेला आमच्याकडे कोणाला सोसत नाही, मलाही नाही. म्हणून मी दापोलीकडचे धाकू यांस बोलावले. वांदर जिवंत धरून लांब रानात सोडण्याचा वनखात्याचा परवाना त्यांच्याकडे आहे. तो मी चष्मा लावून वाचला. एवढे एक काम माझ्या हातून नीट झाले.

धाकूंनी परसात पिंजरा मांडला. आधी दार उघडे बांधून आत केळी ठेवली, वांदरांना सवय होऊ दिली. काल सकाळी सापळा लावून ते म्हणाले, "तात्या, आता आत जायचं नाय. फळीवर भार आला की दार पडतंय. मी वर झऱ्याकडं बसतो. माणूस दिसला तर वांदर यायचा नाय." मी होय म्हटले. माझ्या होयचा अर्थ पत्नीस विचारावा.

ते गेल्यावर माझ्या ध्यानात आले की गाऱ्हाणे घालायचे राहिले. आमच्याकडे विहीर खणायची तरी आधी नारळ ठेवून देवाला सांगतात. वांदर हलवायचे आणि मारुतीला खबर नाही, हे मला बरे वाटेना. नारळ पिंजऱ्यापुढे ठेवता आला असता. पण काम आत होणार तर नारळही आतच हवा, असे मला वाटले. मी वाकून आत गेलो व गाऱ्हाणे सुरू केले. दर मागण्याला मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हते, म्हणून तेही मीच म्हणत होतो. शेवटी नमस्काराला गुडघे टेकले ते फळीवर. दार पडले.

मी हाका मारल्या. पण जन्मभर गाऱ्हाणी घालून माझा आवाज त्याच चालीत बसला आहे. "सोडव रे म्हाराजा!" असे मी ओरडलो तेव्हा वाटेने शेजारची काशी लाकडांचा भारा घेऊन चालली होती. कुंपणापलीकडूनच तिने भक्तीने "व्हय म्हाराजा" म्हटले व ती पुढे गेली. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. नंतर वांदर आले व भोवती बसून मला पाहू लागले. त्यांच्यातल्या मोठ्या हुप्प्याने जाळीतून हात घातला. मी केळे दिले.

दुपारी मोरू चारचौघांना घेऊन आला व त्यांनी दार उचलून मला बाहेर काढले. पत्नी म्हणाली, "इतकी वर्सं मी सांगत व्हते, यांना कुठंतरी बांधून ठेवा. देवानं ऐकलान." मोरूने विचारले, "तात्या, कोणी कोंडलान तुमाला?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी पत्नीने दिलेला तांब्या तोंडाला लावला. तेवढ्यात धाकू धावत आले. मोरूने त्यांची गचांडी धरली व ठाण्यात आणले. तेव्हाही मी पाणी पीत होतो. तांब्या रिकामा होता.

आज हवालदार साहेबांकडून कळले की धाकूंचा परवाना काढून घेण्याबद्दल वनखात्याला लिहायचे चालले आहे. धाकूंनी इथे एवढेच सांगितले आहे की, "चूक माझी. म्हाताऱ्या मानसाला काय इचारू नका."

तरी मी सांगतो की धाकूंनी मला कोंडलेले नाही. त्यांनी बजावले होते, मी आपल्या पायांनी आत गेलो. गावाला हसायचे तेवढे हसू दे. त्यांचा परवाना राहू द्यावा. वांदर अजून झाडावर आहेत, ते त्यांनीच धरावेत. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही, माझा तर नाहीच.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून संपताच मागे बाकावर बसलेले धाकू "व्हय म्हाराजा" म्हणाले. तेही लिहावे, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे व खरा आहे.

सही: भागोजी सखाराम किंजळकर