इनामदारांची शर्यतीची मोटार

हसू नका, पण दुसरी मोठी लढाई संपली त्या साली साताऱ्याच्या एका इनामदारांची शर्यतीची मोटार मला घ्यायचीच होती. ते ती शालीखाली झाकून ठेवत, दसऱ्याला हार घालण्यापुरती बाहेर काढत. भाव ठरला, तर म्हणाले, "शेट, एक अट. हिला जोरात पळवायची न्हाई."

मी म्हटलं, "आवं, शर्यतीचा बैल दावणीला बांधून कुणी म्हातारा करतं व्हय? बसा शेजारी, दाखवतो."

रहिमतपूरपर्यंत मी वेग कमी केला नाही. वाटेत इनामदारांचा फेटा उडाला. मी ब्रेक लावणार, तोच ते ओरडले, "फेटा जाऊ द्या, थांबू नगा!"

उतरल्यावर मी पैसे पुढं केले. त्यांनी माझा हात हळूच मागं सारला.

"माफ करा शेट. आता ही मलाच लागंल."