आडव्या वेलाचा वरंबा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील संचालक साहेब, प्रयोगशाळेतले आणि शेतावरचे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या सगळ्यांच्या मावशी,

मावशी आज निवृत्त होतायत, हे बोलायला सोपं आहे. उद्या सकाळी शेतावर आम्हाला दटावणार कोण?

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नवाकोरा रुजू झालो. रताळ्याच्या वेलाचे तुकडे उभे लावावेत की तिरपे, एवढाच माझा प्रयोग. मावशी तेव्हा लागवडीच्या टोळीच्या प्रमुख. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी वेल आडवा निजवून पुरतात, शेंडा तेवढा बाहेर ठेवतात. मी पदवीच्या तोऱ्यात म्हणालो की मंजूर आराखड्यात ते बसत नाही. त्यांनी वाद घातला नाही. बांधालगतचा एक रिकामा वरंबा मागून घेतला. मी दिला, तोही उपकार केल्यासारखा.

चार महिन्यांनी काढणी झाली. उभ्या तुकड्यांना दोन-तीन रताळी, तिरप्यांना जरा जास्त. मग मावशींचा वरंबा उकरला. एकेका वेलाला पाच-सहा, सगळी एका मापाची. वजनही इतकं भरलं की काटा बिघडला असेल म्हणून मी दुसरा मागवला. तोही मावशींच्याच बाजूचा निघाला.

"जितकी पेरं मातीत, तितक्या ठिकाणी मुळं," मावशी म्हणाल्या. "त्यात नवल कसलं?"

एका वरंब्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून पुढची दोन वर्षं रीतसर प्रयोग केला. निष्कर्ष टिकला. निबंध छापून आला, मला बढती मिळाली. निबंधात मावशींचं नाव नव्हतं. शेवटी एक ओळ होती, शेतमजुरांचे आभार मानणारी.

त्यांनी तो वाचला होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, यातली मजूर म्हणजे मीच ना?"

मी मान हलवली आणि फायलीत डोकं खुपसलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. म्हणून आज मी काढतोय.

लागवडीची नवी पुस्तिका आपल्या खुर्च्यांवर ठेवली आहे. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, पहिलं मावशींचं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. आत्ता चष्मा शोधतायत, बघा.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. निबंधातल्या चुकीची माफी मात्र एकट्या मावशींकडे मागतो.

मावशी, असं हातानं नको-नको करू नका. या, माईक घ्या.