पाठवायच्या आधीच पोचलेली नोंद

...खरं तर सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं मला, आणि मी काही चुगलखोर नाही, पण घरात आठवडाभर जे चाललं होतं ते पाहून माझं डोकं उठलं, म्हणून तुम्हाला सांगते, फक्त हळू, बाबा आतच आहेत.

माझी ताई नोकरीला लागली ती डेटाबेस सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीत. म्हणजे बँकेत, दवाखान्यात लोकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं ना, ते. त्यात नवीन काही घातलं की आधी चाचण्या चालवायच्या. शेकडो चाचण्या एका दमात, आपोआप. पास झाली की हिरवी रेघ, नापास झाली की लाल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं झालं, तर ताईचं काम नव्या आवृत्तीत जाणार आणि तिची नोकरी पक्की होणार. नाहीतर साहेबांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, “मग आपण तुमच्याबद्दल पुन्हा विचार करू हं.”

त्यासाठी तिने जेवणाच्या टेबलावर आमचा जुना कंप्युटर मांडला. नोंद लिहायची त्याच्यावर, आणि तिची नक्कल पोचायची ताईच्या लॅपटॉपवर. दोघांची जोडणी तिनेच केली, कुठली चाचणी कधी, किती वेळ वाट पाहायची, सगळं भरलं आणि चालू केलं. आम्ही जेवायचं सोडून पडद्याकडे बघत बसलो. हिरवं, हिरवं, हिरवं... सगळं हिरवं, आणि शेवटी एक लाल!

ताईने वाट पाहायची मुदत वाढवली. पुन्हा सगळं हिरवं, शेवटी एक लाल. मुदत कमी केली. तेच. मग तिला घरातल्या माणसांचा संशय यायला लागला. आईचा मिक्सर बंद. का, तर विजेचा दाब कमी होतो म्हणे. आई म्हणाली, “शेकडो गोष्टी नीट केल्या त्याचं काही नाही, एक बिघडली की सगळं लाल. हे यंत्र तुझ्या बाबांवर गेलंय.” मग माझा मोबाईल बंद. मी काय केलं होतं? मी तर घरात असते हेसुद्धा पाहुण्यांना उशिरा कळतं! तरी माझ्यामुळे नेट हळू होतं म्हणे. टेबलाला धक्का नको म्हणून आठवडाभर आम्ही खुर्ची ओढायच्या ऐवजी दोघं दोघं मिळून उचलायचो. आणि तरी? सगळं हिरवं, आणि शेवटी एक लाल.

ताईने साहेबांना फोन लावला, तर साहेब म्हणाले, “माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय हो.” हे वाक्य त्यांच्या कंपनीत पहिल्याच दिवशी पाठ करून घेत असावेत. पुढे म्हणाले, ती एक चाचणी वगळून टाका. ताई म्हणाली, नाही वगळणार. फोन ठेवला आणि तोंड धुवायला गेली, बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत होता.

शुक्रवारी दुपारी ती त्या लाल रेघेखालचा मजकूर पुटपुटत होती. “नोंद पाठवायच्या आधीच पोचली म्हणे. असं कसं होईल? आधीच कशी पोचेल?”

आणि मी पटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

कारण तुम्हाला आमचे बाबा माहीत नाहीत. आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. भिंतीवरचं, गजराचं, बाबांच्या मनगटावरचं. आमच्याकडे बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ म्हणजे बिघडलेलं घड्याळ! आता जेवणाच्या टेबलावर समोरच एक पडदा, आणि त्याच्या कोपऱ्यात बरोबर वेळ. बाबांना घास गिळवेना. कंप्युटर मांडला त्याच दिवशी त्याचा पंखा साफ करायला आलेल्या दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी ती वेळ पुढे करून घेतली, पुन्हा आपोआप सुधारणार नाही असा बंदोबस्तही केला, आणि मला म्हणाले, “ताईला बोलू नकोस, ती लगेच बरोबर करून ठेवेल.” ताईला दिसलं कसं नाही म्हणता? याच घरात वाढली ना ती! दहा मिनिटं पुढे दिसलं की तिला बरोबरच वाटतं.

आता मी काय करायचं? शब्द दिलेला. शेवटी मी नुसतंच विचारलं, “ताई, लॅपटॉपमध्ये किती वाजलेत गं?”

तिने लॅपटॉपकडे पाहिलं. कंप्युटरकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग अगदी शांतपणे हाक मारली, “बाबा, जरा बाहेर या.”

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे नोंद वेळेआधी पोचली. मग नापास का? मी तुम्हाला जन्मभर हेच शिकवतोय.”

ताईने वेळ बरोबर केली. हिरवं, हिरवं, हिरवं... आणि शेवटीसुद्धा हिरवं! आई आठवड्यात पहिल्यांदाच मिक्सर लावून नाचली.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. नोकरी पक्की झाली म्हणून ताईला ऑफिसने नवा लॅपटॉप दिलाय, आणि आज सकाळी बघते तर बाबा चष्मा लावून त्याच्यासमोर बसलेले. मला बघून दचकले आणि म्हणाले, “ताईला यातलं काही...”

“चिमणे! चल, निघायची वेळ झाली, उशीर होतोय!”

बघा. बाबांचीच हाक ही. आले हो, बाबा! अजून दहा मिनिटं आहेत, पण हे त्यांना सांगणार कोण, मी तर या घरात कुणालाच काही सांगायचं नाही असं...